आमची ही आणि आठ रिकामी तळी

लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, मुलगी नीटनेटकी आहे. नीटनेटकी म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. ही बाई साबणाची वडी वापरायच्या आधी ती वडी धुऊन घेते. आणि पदरात पडला कोण? मी. चपला-बूट दुरुस्त करणारा. हाताला डिंक, नखांत मेण, कपड्यांना रबराचा वास. बत्तीस वर्षं एका छपराखाली काढली आम्ही. यात जास्त सोसलं कोणी, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

तर ही गोष्ट तिची आहे. माझी मधे मधे लुडबूड होईल, तेवढी चालवून घ्या.

शहराच्या कडेला एक मोठी दलदल आहे. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावतात, पण त्या दलदलीचा अभ्यास करणारं एक केंद्र तिथे आहे. चार खोल्या आणि मागे एक पत्र्याची शेड. केंद्रातली माणसं रोज सकाळी गुडघ्याएवढे रबरी बूट चढवून चिखलात उतरतात, जाळ्या फिरवतात, बादल्या भरतात, आणि काय सापडलं ते वहीत लिहून ठेवतात. शिकली-सवरलेली माणसं चिखल उपसतात आणि त्याला काम म्हणतात, असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. दुपारी ती माखून परत आली की बूट, जाळ्या, चाळण्या, ट्रे हे सगळं धुण्याचं काम आमच्या हिचं. सव्वीस वर्षं झाली. तिकडे तिला सगळे बूटमावशी म्हणतात. मी एकदा घरी तशी हाक मारून पाहिली, तर तिनं माझ्या हातातला चहा काढून घेतला.

पाच वर्षांपूर्वी त्या दलदलीचा एक तुकडा तोडून मधून उंच रस्ता नेला. रस्ता हवाच होता, मी नाही म्हणत नाही. पण बुजवलेल्या पाणथळीची भरपाई म्हणून रस्त्याच्या अलीकडे, केंद्राच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत, आठ तळी खणून द्यायची असं ठरलं. आणि एक करार झाला. पाच वर्षांत ह्या आठ तळ्यांत मिळून पंचवीस जातींचं बस्तान बसलं पाहिजे. झाड म्हणा, किडा म्हणा, गोगलगाय म्हणा, काहीही. पण नुसतं दिसून चालणार नाही. फूल, बी, अंडी, पिल्लं, काहीतरी संसाराचं लक्षण दिसलं पाहिजे. पंचवीस भरल्या तर तळी कायमची राहणार. नाही भरल्या तर बुजवून तिथे गोदामं. गोदामांचा नकाशा तर आधीच काढून झाला होता.

केंद्राच्या प्रमुख एक मॅडम आहेत. हुशार, मनानं सरळ, मला येता-जाता ‘काका’ म्हणणाऱ्या, पण हट्टी. तळी खणली त्याच आठवड्यात त्यांनी नियम घातला. ‘नवी तळी आपोआप कशी भरतात ते आपल्याला बघायचंय. आपल्या पायांनी तिथे काही जाता कामा नये. नाहीतर आलेलं कोणतं आणि आणलेलं कोणतं ते कळणार नाही.’ म्हणून बुटांचे दोन जोड झाले. दलदलीचे काळे, तळ्यांचे पिवळे. पिवळे बूट वापरायच्या आधी आणि नंतर औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि तळव्याची खाच न् खाच ब्रशनं घासायची. आणि हे काम दिलं कोणाला? साबण धुणाऱ्या बाईला! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

‘पिवळ्या बुटाच्या तळव्यात मातीचा एक कण दाखवा, उद्यापासून मी कामाला जात नाही,’ असं ही घरी येऊन सांगायची. मला ते पटायचं, कारण फाटलेले बूट ठिगळाला माझ्याकडेच यायचे. काळ्या बुटांतून ओंजळभर चिखल पडायचा. पिवळ्यात ताट वाढून जेवावं इतके ते स्वच्छ.

चार वर्षं अशीच गेली. चौथ्या वर्षाची मोजणी झाली आणि आकडा आला सहा. पंचवीसपैकी सहा! त्यातही कोण, तर डास, पाण्यावर पळणारा लांब तंगड्यांचा किडा, एक भुंगेरा, एक चतुर, बेडूक आणि वरचा हिरवा तवंग. म्हणजे जे उडत किंवा उड्या मारत येतील तेवढेच, नाहीतर वाऱ्यावर येतील ते. तुमच्या-आमच्या गच्चीवरच्या बादलीतही हीच मंडळी राहतात.

मॅडमनी पाणी तपासलं, माती तपासली, मातीच्या पुड्या करून लांब-लांबच्या प्रयोगशाळांना पाठवल्या. पाणी खारट आहे का, माती आंबट आहे का, उन्हानं फार तापतं का. अहवाल यायचे, मॅडम पुन्हा नव्या पुड्या बांधायच्या. मातीतच काहीतरी दोष आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

‘नाचता येईना, अंगण वाकडं,’ मी एकदा जेवताना म्हणालो.

‘मॅडमना नावं ठेवू नका,’ ही म्हणाली. मग बराच वेळ ताटातल्या घासाशी चाळा करत बसली आणि म्हणाली, ‘पण अहो, माती खराब नाहीये.’

‘तुला काय माहीत?’

‘मला माहीत आहे.’

आणि गप्प. आमची ही बोलत असते तोवर काळजी नसते. ती गप्प बसली की समजायचं, काहीतरी मोठं अडकलंय. तीन दिवस मी खोदून खोदून विचारलं. तीन दिवस तिनं मूग गिळले. चौथ्या दिवशी माझा पारा चढला. ‘बत्तीस वर्षं संसार केलास माझ्याबरोबर, आणि आता काय लपवतेस?’ असा आवाज चढवला, तेव्हा कुठे ते बाहेर आलं.

शेडमागे एक नळ आहे. तिथे काळे बूट धुतले की पाणी मोरीतून पायपानं गटाराला जायचं. हिच्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तो पायप तुंबला. कळवायचं सोडून, आपणच काहीतरी चुकीचं ओतलं असणार ह्या भीतीनं, हिनं मोरीपुढे फावड्यानं एक खड्डा खणला आणि पाणी तिकडे वळवलं. दलदलीचा चिखल केंद्राच्या आवारात साठवायचा नाही, असा तिथला नियम. म्हणून दोन जुने उंच पत्रे पुढे उभे करून खड्डा नजरेआड केला. चोवीस वर्षं! चोवीस वर्षं दलदलीतले काळे बूट ह्या खड्ड्यात निथळत होते आणि कुणाला पत्ता नाही.

‘बरं मग?’ मी म्हणालो.

‘मग काय! तिथे सगळं आहे. दलदलीत जे आहे ते सगळं. पाणकणीस आहे, लव्हाळी आहे, गोगलगायी आहेत, बेडकांची तर जत्राच आहे.’

‘माती कुठली?’

‘तिथलीच. तळी तिथून चाळीस पावलांवर आहेत.’

‘आणि पाणी?’

‘नळाला येतं त्याच पायपातलं.’

मी कपाळाला हात लावला. ‘अगं बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिकडे त्या बिचाऱ्या मॅडम मातीच्या पुड्या जगभर पाठवतायत आणि तू पत्रा लावून बसलीस?’

‘सांगितलं तर विचारतील, चोवीस वर्षं बोलला का नाहीत? मला कामचुकार म्हणतील.’

हे खरं दुखणं. जिनं सव्वीस वर्षांत एक चाळणी मळकी ठेवली नाही, तिला कामचुकार म्हणवून घ्यायची धास्ती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी ओरडलो, ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. एक वर्ष उरलंय. गोदामं झाली की तुझा खड्डाही त्यांच्याच पायाखाली जाणार.’ त्यावर ती जी रडायला लागली, की मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. ‘मला ती तळी जायला नकोत हो,’ ती म्हणाली. ‘रोज बघते मी. इतकं पाणी आणि त्यात कुणी नाही. बघवत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलंच नाही, तिच्याबरोबर गेलो. नको नको म्हणत होती, तरी गेलो. मॅडमसमोर ही शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली. ‘मॅडम, जरा मागे चला. बघून झालं की मग मला काय बोलायचं ते बोला.’

पत्रे मी बाजूला केले. खड्डा मीही पहिल्यांदाच बघत होतो. जेमतेम दोन पलंगांएवढा. पण काय भरलेला होता म्हणून सांगू! एक बाजू ढासळून तिचा अलगद उतार झाला होता. काठाला बारीक गवत, मग बाणाच्या टोकाएवढ्या पानांचं काहीतरी, मग लव्हाळी, आणि खोल कोपऱ्यात पाणकणसं डोक्याइतकी उंच. पानांखाली गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट ठिपके. देठांवर चतुरांनी टाकलेल्या कातींची रांग. आमची चाहूल लागताच पंधरा-वीस बेडकांनी एकदम उड्या टाकल्या.

मॅडम इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली बसल्या. आधी बोटांवर मोजलं, मग पेन काढून तळहातावर लिहायला लागल्या. हात भरला तेव्हा मनगटावर. एकतीस झाले.

‘मावशी, पिवळ्या बुटांचं औषधाचं पाणी?’

‘ते वेगळ्या पिंपात धुते, मॅडम. पिंप पुढच्या गटारात ओतते. ह्यात फक्त काळ्या बुटांचं साधं पाणी.’

मॅडम उठल्या, रस्त्याकडे बघितलं, तळ्यांकडे बघितलं. ‘पूर्वी पुराचं पाणी दलदलीतून इथवर यायचं,’ त्या म्हणाल्या. ‘बी, अंडी, पिल्लं सगळी त्याबरोबर यायची. मधे रस्ता आला, ती वाट बंद झाली. उरली होती एकच वाट. आपले पाय.’

हे ऐकलं आणि आमच्या हिचा चेहरा उतरला. ती नळाजवळच्या ब्रशाकडे बघत राहिली. ‘म्हणजे मीच,’ ती म्हणाली. ‘चार वर्षं मीच त्यांना घासून घासून बाहेर ठेवलं.’

‘नियम माझा होता, मावशी. तुम्ही तो फार चांगला पाळलात, एवढीच तुमची चूक.’

‘आणि खड्डा?’

‘खड्ड्यासाठी तुम्हाला मेमो द्यायला हवा,’ मॅडम म्हणाल्या. ‘देईन, पण फ्रेम करून देईन.’ ही रडता रडता हसली. मग तिघंही हसत सुटलो.

आम्हाला वाटलं, जिंकलो. त्याच आठवड्यात खड्ड्यातला चिखल बादल्यांनी आठही तळ्यांत टाकला. रोज बघायला जायचं. एक महिना गेला, दोन महिने गेले, काही नाही. सहाचे फक्त आठ झाले. केंद्राला एक पहारेकरी आहेत, त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणतात. ते मला म्हणाले, ‘काका, तुमच्या मिसेसनी चोवीस वर्षांची बचत पाण्यात घातली.’ मला हसू आलं नाही. त्यात करार बघणाऱ्या समितीचे अध्यक्ष एकदा येऊन गेले. बरोबर दोघं जण होते, त्यांनी गोदामांच्या मापाच्या खुंट्या तळ्यांभोवती ठोकल्या. अध्यक्ष काठावर उभे राहून म्हणाले, ‘निसर्गावर जबरदस्ती चालत नाही.’ वा रे उंटावरचे शहाणे! त्यांच्या पायातले बूट मीच पॉलिश केलेले होते, मला आठवलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ही मात्र ह्या वेळी रडली नाही, चिडली. तो राग मी ओळखतो. तिनं दुकानात येऊन माझी चांगली, एकसंध चामड्याची पट्टी उचलली. ‘अगं, ती गिऱ्हाइकाच्या पट्ट्याची आहे!’ मी ओरडलो, तोवर ती रस्त्याला लागली होती. त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत खड्ड्याकाठी गुडघे टेकून बसायची, पाण्यात हात घालायची आणि जिथे जे झाड मुळं धरून होतं, तिथल्या पाण्याची खोली हातानं मोजून पट्टीवर खिळ्यानं भोक पाडायची.

आठवड्याने ती पट्टी घरी आणून माझ्यापुढे ठेवली.

‘बघा. हे बारीक पानांचं, हे चार बोटांपेक्षा खोल पाण्यात उगवतच नाही. लव्हाळीला वीतभर पाणी लागतं. पाणकणीस कोपरापर्यंत हात बुडेल एवढ्यात. आणि गोगलगायीची अंडी पानांच्या खालच्या अंगाला, सावलीत. पान नाही तर अंडी नाहीत.’

‘बरं. आणि तळ्यांत?’

‘तळ्यांत काठावरून पाऊल टाकलं की पुरुषभर पाणी! मशिननं भिंती कापाव्यात तशी कापलीत ती. आपण टाकलेला चिखल सरळ तळाला अंधारात जाऊन बसला. पाहुण्यांना बोलावून आणलं आणि घरात सतरंजीएवढी जागा नाही. राहतील कसे? पक्षीसुद्धा नुसते वर घिरट्या घालून जातात. पाय टेकवायचे कुठे त्यांनी?’

मी तोंडात बोट घातलं. खोटं नाही बोलत. चार वर्षांत कुणी तळ्याच्या काठाला बोट लावून बघितलं नव्हतं. सगळे मधलं पाणी बाटलीत भरून नेत होते.

मॅडमनी ती पट्टी बघितली आणि लगेच मशिनसाठी अर्ज केला. मंजुरीला सात महिने लागतील असं उत्तर आलं. आमच्याकडे आठ उरले होते. मग काय, फावडी काढली. शेडजवळचं तिसरं तळं धरलं, पायपाची चावी बंद करून पाणी उतरवलं, आणि सहा रविवार आम्ही चौघांनी काठ कापले: ही, मॅडम, शिट्टीवाले आणि मी. आधी चार बोटांची पायरी, मग वितेची, मग हातभर खोलीची. पहिली पायरी मी कापली. बुटाचा तळवा कापतो तशी, सरळ, गुळगुळीत. मला वाटलं शाबासकी मिळेल. हिनं बघितलं आणि म्हणाली, ‘बूट शिवत नाही आहात, उतार काढताय. पुन्हा करा.’ मॅडमच्या देखत! पण केली. हाताला फोड आले, आठवडाभर सुई धरता येत नव्हती.

मग खड्ड्यातला उरलेला चिखल, पण ह्या वेळी ज्याचा त्याला. काठाचा काठावर, खोलातला खोलात. आणि मॅडमनी हुकूम काढला की औषधाचं पिंप उलटं करून ठेवा. यापुढे दलदलीतून आलेले काळे बूट न धुता सरळ तळ्यात उतरतील. पहिल्या दिवशी चार जण चिखलाचे बूट घेऊन हिच्या नळासमोरून चालत गेले आणि ही दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती. शिट्टीवाले म्हणाले, ‘मावशी, डोळे मिटा, त्रास होणार नाही.’

तीन आठवड्यांत चार बोटांच्या पायरीवर हिरवी लव आली. महिन्यात लव्हाळी वर निघाली. पानं आली तशा गोगलगायी टिकल्या, त्या टिकल्या तशी त्यांची अंडी दिसायला लागली. एका सकाळी मी हिला डबा द्यायला गेलो, तर हिनं माझं मनगट धरलं. ‘हलू नका.’ लांब लाल पायांचा एक पक्षी त्या पायरीवर उतरला होता आणि पायरी त्याच्याच मापाची शिवल्यासारखा आरामात चालत होता. दुसऱ्या दिवशी तीन आले. मग थवाच्या थवा. बारा झाले, सोळा झाले, एकोणीस झाले. ही रोज घरी येऊन आकडा सांगायची आणि मी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगायचो. त्यांना काही कळायचं नाही, तरी सांगायचो.

शेवटच्या मोजणीचा दिवस आला. अध्यक्ष आले, बरोबर बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ. जाड चष्मा, गळ्यात भिंग. त्यांना मी मनात चष्मेवाले म्हणायला लागलो. सकाळपासून काटेकोर काम. ‘हे दिसतंय, पण अंडी कुठायत? फूल कुठाय?’ प्रत्येकाचा पुरावा. आठही तळी फिरले, पण माल सगळा तिसऱ्यातच होता. वीस. एकवीस. तेवीस. दुपार कलली तेव्हा चोवीस झाले. मग चष्मेवाल्यांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली.

अध्यक्षांनी फाइल मिटली. ‘चोवीस म्हणजे चोवीस. आणि तसंही, हे सगळं तुम्हीच आणून घातलंय. ह्याला बस्तान म्हणायचं की बाग?’

‘आणू नका असं करारात लिहिलेलं नाही,’ चष्मेवाले म्हणाले. ‘टिकलं पाहिजे असं लिहिलंय. टिकलंय.’

‘पण पंचवीस आहेत का?’

मॅडम वही पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागल्या. एकानं हुकायचं? एका किड्यानं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिनं माझा दंड दाबला, चपला काढल्या आणि पाण्यात उतरली. पक्षी नेहमी उभे राहायचे त्या जागी गेली, वाकली, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं.

‘साहेब, ही मोजलीत का?’

चष्मेवाले पॅंटसकट गुडघ्यावर बसले. तळहातात मावेल एवढं रोपटं, जमिनीलगत पसरलेलं, वाटाण्याएवढी गोल पानं आणि मधे जांभळी टिकली. भिंग लावून ते इतका वेळ बघत राहिले, की अध्यक्ष खोकले.

‘ही इथे कशी?’ चष्मेवाले म्हणाले. ‘ही मी फक्त डोंगरापलीकडच्या सरोवरावर पाहिली आहे. ही तुम्ही खड्ड्यातून आणली?’

‘नाही.’

‘दलदलीतून?’

‘दलदलीचे बूट सव्वीस वर्षं धुतेय मी. तिथली असती तर एकदा तरी हाताखालून गेली असती. हिला मी दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा बघितली. तेव्हा एक होती. आता सात आहेत. बी धरलंय, हे बघा.’

‘मावशी!’ मॅडम किंचाळल्या. ‘दोन महिने! आणि बोलला नाहीत?’

‘मला वाटलं, साहेबांना दिसेल,’ ही म्हणाली. खोड! जाईल का कधी ती?

अध्यक्ष पुढे आले. ‘तुम्ही आणली नाही, मॅडमनी आणली नाही. मग आणली कोणी?’

पलीकडच्या पायरीवर तो लाल पायांचा पक्षी उभा होता. हिनं त्याच्याकडे बोट केलं. ‘त्याला विचारा.’

चष्मेवाले असे हसले, की गळ्यातलं भिंग पाण्यात बुडालं. ‘विचारायची गरज नाही,’ ते म्हणाले. ‘पायाच्या चिखलातून आली. उतरायला जागा मिळाली म्हणून तो उतरला आणि रुजायला जागा मिळाली म्हणून ही राहिली. साहेब, लिहा पंचवीस. आणि ही तर कुणी आणून घातलेली नाही.’

अध्यक्षांनी फाइल उघडली. पेन झटकलं. दोन लिहिला, त्याच्यापुढे पाच लिहिला आणि खाली सही केली.

मॅडम तशाच बुटांनिशी पाण्यात शिरल्या आणि त्यांनी हिला मिठी मारली. शिट्टीवाल्यांनी शिट्टी फुंकली, ती थांबेचना. आणि मी? वय बासष्ट, गुडघे दुखतात, लोक बघतायत, कशाकशाची पर्वा न करता काठावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘जिंकली! आमची ही जिंकली!’

‘अहो, हळू!’ पाण्यातून ही ओरडली. ‘पक्षी उडतील!’

उडालेच. सगळा थवा एकदम वर गेला. ओल्या पायांनी त्यानं आमच्या डोक्यावरून एक फेरी मारली. मला वाटलं, गेले आता दलदलीकडे. पण ते वळले आणि चौथ्या तळ्याच्या कोपऱ्यात एकेक करून उतरायला लागले. तिथे कसे उतरतायत, म्हणून मी पुढे जाऊन बघितलं. कोपऱ्यात चार बोटांची, ताज्या मातीची एक पायरी कापलेली होती. मला पत्ता नव्हता, मॅडमनाही नव्हता. मी हिच्याकडे वळून बघितलं, तर ही ओले हात पुसत म्हणाली, ‘पाचव्याचीही सुरुवात केलीय मी. तुम्ही उद्या फावडं घेऊन या.’